करूळ घाट उतरल्यावर चाकातून धूर: गाडी पेट घेऊ शकते का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर)
माझी टर्बो पेट्रोल, ऑटोमॅटिक गाडी सुमारे 1600 किलो वजनाची आहे. रविवारी गगनबावड्याहून करूळ घाटाने वेगात उतरताना शेवटच्या वळणांवर ब्रेकचे पेडल मऊ पडून खाली जाऊ लागले आणि पायथ्याशी पुढच्या उजव्या चाकातून करपट वासाचा धूर निघाला. अर्ध्या तासाने पेडल पूर्ववत झाले. अशाने गाडी पेटू शकते का? भारी दर्जाचे ब्रेक पॅड (चाकाच्या डिस्कवर घासून वेग कमी करणारे) बसवले तर पुरेल का? गाडीत मुले होती, म्हणून काळजी वाटते.

उत्तर (उद्यमनगर, गॅरेज)
पॅड तापून निकामी झाले असते तर पेडल घट्टच राहिले असते, फक्त गाडी थांबली नसती; ते मऊ पडले, म्हणजे ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झाली. नव्या डॉट 4 दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, पण ओल शोषलेले ऑइल 155 अंशांच्या आसपासही उकळू शकते, आणि गगनबावड्याचा पाऊस आपण जाणताच. त्यामुळे दर दोन वर्षांनी ऑइल बदला. नुसत्या पॅडने हा दोष जाणार नाही. आपली गाडी 500 मीटर उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, ती ताशी 100 किलोमीटर वेगावरून बारा-तेरा वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. ती सगळी डिस्कवर टाकण्याऐवजी मॅन्युअल मोडमध्ये दुसरा गिअर घालून बराचसा भार इंजिनावर सोपवा.

मला जास्त चिंता एकाच चाकातून आलेल्या धुराची वाटते. तिथला कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकून पॅड सतत घासत असावा, आणि आग बहुधा अशाच चाकात लागते: आधी ग्रीस आणि रबरी बूट (कॅलिपरवरची रबरी आवरणे), मग टायर. ब्रेक ऑइलची नळी (होज) फुटून ऑइल तापलेल्या डिस्कवर पडले तर तेही पेटते. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवून पाहा.

उत्तर (शिरोली एमआयडीसी, फाउंड्री)
धूर दिसला म्हणून तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, तिच्या बिडाला (ओतीव लोखंडाला) तडा जातो. वाळक्या गवतावरही थांबू नका. ज्वाळा दिसल्याच तर आधी मुलांना दूर न्या आणि 101 वर फोन करा.

प्रश्नकर्ता
चाक तपासले. कॅलिपरची पिन गंजून अडकलेली निघाली. पिन, बूट आणि ऑइल आजच बदलून घेतले.