फोर बाय फोर लावूनही गाडी गाऱ्यात (चिखलात) फसते, मदत हवी

ढेकूळ: राजेहो, लवकर सांगा. आठवड्यात 3 खेपा गाडी पांदणीत, म्हणजे शेताच्या कच्च्या रस्त्यात, फसली. फोर बाय फोरचा, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा, लिव्हर बरोबर पडते, दिवाही लागते, तरी जागची हालत नाही. दर खेपेला काकांचा ट्रॅक्टर बोलवा लागते, अन् ते ओढतात कमी, हासतात जास्त. उद्या सोयाबीनवर फवारणी हाय. काय करू?

गॅरेजवाला: गाडी कोणती? टायर कोणते?

ढेकूळ: टायर नवे हायेत बाप्पा.

पऱ्हाटी: नवे, पण डांबरी रस्त्याचे असतील. काळी माती खाचांत भरली की टायर नुसता रूळ होते. मोठ्या खाचांचे एमटी, म्हणजे चिखलाचे टायर, टाक. तोवर चाकाखाली पऱ्हाट्या, कपाशीच्या वाळल्या काड्या, टाक.

पुणेकर_भटक्या: आम्ही हिवाळ्यात अटल बोगद्यापलीकडे सिस्सूला गेलो होतो. फूटभर बर्फ! चाकांना साखळ्या बांधल्या आणि गाडी आरामात निघाली. तुम्हीही साखळ्याच घ्या.

पऱ्हाटी: भाऊ, दारव्ह्यात बर्फ फक्त गोळेवाल्याकडं असते.

माजी_फौजी: हसू नका, पण साखळीचं इथं जमणार नाही. बर्फ दाबला की घट्ट होतो, साखळी त्यात रुतून धरते. आपला गारा साखळीलाच गुंडाळतो. लडाखात 4 वर्षं गाडी चालवली आहे. फोर बाय फोर चढवते, थांबवत नाही; उतारावर ब्रेक मारला की तीही बाकीच्यांसारखीच घसरते. आणि बर्फ असो की गारा, गाडीचं पोट टेकलं की चाकं नुसती फिरतात. मग फावडंच.

सरपंचाचा_भाचा: मुद्दा गाडीचा नाहीच. पांदण पक्की करा. 2021 पासून मातोश्री पाणंद रस्ते योजना आहे. ग्रामपंचायतीत ठराव घ्या.

ढेकूळ: ठराव होईस्तोवर सोयाबीन घरी येईन.

गॅरेजवाला: माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाही. साध्या डिफरेन्शियलमध्ये, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरमध्ये, जे चाक मोकळं सापडते तेच गरगरते. म्हणजे फोर बाय फोर लागलेलं असलं तर मागचं एक अन् पुढचं एक तरी फिरलंच पाहिजे. पुढचं फिरलं का?

ढेकूळ: नाही. दोन्ही मुकाट. मले वाटलं गाऱ्यात दबले. गाडी मारुतीची जिप्सी हाय, जुनी, लिलावातली.

गॅरेजवाला: अरे, हे पहिल्यांदा सांगाचं ना! खाली उतर, पुढच्या चाकांच्या मधोमध गोल हब हाय तो पाह्य. 'फ्री'वर असंन तर लिव्हर पडते, दिवा लागते, अन् चाकापर्यंत काहीच पोचत नाही. दोन्ही 'लॉक'वर फिरव. डांबरीवर आल्यावर फोर बाय फोर काढायचं विसरू नको, नाहीतर गिअरबॉक्सवर ताण येते.

माजी_फौजी: हेच लिहायला आलो होतो.

पऱ्हाटी: हो, आता सगळेच येतील.

ढेकूळ: दोन्ही फ्रीवरच होते! इकणाऱ्यानं सांगतलंच नाही. डावा फिरला, उजवा जाम हाय. पाना मारू का?

गॅरेजवाला: पाना नको, तुटंन. गाडी फूटभर मागंपुढं कर अन् हातानंच फिरव.

पुणेकर_भटक्या: साखळ्या माझ्याकडे पडून आहेत, एकदाच वापरल्यात. निम्म्या किमतीत देतो.