१६-१७ हजारांचा घरगुती संगणक: दोष किमतीचा की रचनेचा?

रावेरचा_रहिवासी (धागाकर्ता):
जळगाव-भुसावळच्या दुकानांत १६-१७ हजारांना मिळणारा छोटा लॅपटॉप खान्देशातल्या अनेक घरांचा पहिला संगणक ठरतो, आणि त्याविषयीची तक्रारही सारखीच असते: सुरुवातीचे काही महिने बरे जातात, पुढे ब्राउझर उघडताच यंत्र अडखळू लागते. माझ्या मते हा दोष किमतीचा नाही, रचनेचा आहे. अशा बहुतेक यंत्रांत ४ जीबी रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) आणि ६४ जीबी ईएमएमसी (स्वस्त प्रकारची साठवण-चिप) मदरबोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे कायमची जोडलेली असते. विंडोज ११ची किमान अट नेमकी तेवढीच असल्याने ग्राहक पहिल्या दिवसापासून काठावर उभा असतो. रॅम भरली की प्रणाली जास्तीचा भार साठवणीवर ढकलते, ईएमएमसी हे काम चांगल्या एसएसडीपेक्षा (वेगवान साठवणीपेक्षा) पुष्कळ हळू करते, आणि ६४ जीबीतला मोठा हिस्सा प्रणालीनेच व्यापलेला असल्यामुळे पुढच्या अद्ययावतीकरणाला जागा उरत नाही. डेस्कटॉपला रॅमची एक पट्टी वाढवून वर्षानुवर्षे काम भागत असे. इथे तो मार्गच बंद आहे. ‘रॅम वाढवता येणार नाही’ हे खोक्यावर मराठीत ठळक छापलेले असलेच पाहिजे.

धुळेकर_वाचक:
छापण्याच्या मागणीशी मी सहमत आहे, निष्कर्षाशी नाही. ज्या घरात ३५ हजारांचा लॅपटॉप येणे शक्यच नाही, तिथे या यंत्रावर महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरला जातो, प्रकल्प अहवाल टाइप होतो, व्याख्यान ऐकता येते. मोबाइलच्या पडद्यावर ही कामे धड होत नाहीत. संकेतस्थळे भरमसाट जड झाली, त्याचा राग आपण यंत्रावर काढतो आहोत. या यंत्रावर विंडोजऐवजी एक्सएफसीई (साधा, कमी भाराचा डेस्कटॉप) असलेली हलकी लिनक्स प्रणाली बसवा, फरक लगेच जाणवेल.

रावेरचा_रहिवासी:
लिनक्सचा उपाय खरा आहे, पण अक्कलकुवा-धडगावच्या विद्यार्थ्याला ते बसवून कोण देणार, आणि महाविद्यालयाने सांगितलेले सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल तर त्याने काय करावे? ज्याच्याकडे दुसरे यंत्र घेण्याची ऐपत नाही, त्यालाच सुधारता न येणारे यंत्र विकले जाते, हे मला अन्यायाचे वाटते.

भुसावळ_जंक्शन:
उन्हाळ्याचा मुद्दा कोणीच मांडला नाही. यांतल्या अनेक यंत्रांना पंखा नसतो, आणि बऱ्याच लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापराच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस दिलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग स्वतःच उतरवतो, त्यामुळे दुपारी संथ वाटणारे तेच यंत्र पहाटे बरे चालते. याच पैशांत जुना, दुरुस्त केलेला कार्यालयीन लॅपटॉप मिळतो. त्याला पंखा असतो, आणि अनेक मॉडेलांत रॅम व एसएसडी दोन्ही बदलता येतात.

धुळेकर_वाचक:
त्या जुन्या लॅपटॉपांची दुसरी बाजूही सांगा. विंडोज ११ला इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचेच प्रोसेसर अधिकृतपणे चालतात, आणि विंडोज १०चा नियमित आधार (सुरक्षा अद्यतने) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सहाव्या-सातव्या पिढीचे यंत्र घेणाऱ्याची बॅटरीही बहुधा थकलेली असते. नव्या यंत्राला निदान वर्षभराची हमी मिळते.

रावेरचा_रहिवासी:
हमी बिघाडाची असते, अपुरेपणाची नसते. जुना लॅपटॉप घेताना प्रोसेसरची पिढी पाहून घ्यावी, हे मान्य. पण नव्या यंत्रात एसएसडीसाठी एक मोकळा एम.२ स्लॉट आणि रॅमसाठी एक खाच दिल्याने किंमत थोडी वाढली, तरी ती वाढ मी आनंदाने देईन.

धुळेकर_वाचक:
आपण द्याल. ज्याचे १६ हजारच उसनवारीचे आहेत, त्याच्या वतीने मी हे मान्य करू शकत नाही.