इफ्फीत जुने रिस्टोअर केलेले सिनेमे बघायचेत, राहायचं कुठे?

फोंडेकरीण
नमस्कार मंडळी, 20 नोव्हेंबरपासून पणजीत इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आहे. मी, बाबा (वय 74) आणि आमच्या फिल्म क्लबातले कोल्हापूरचे दोघे, असे चौघं तीन दिवस जाणार. नवीन सिनेमांचं एवढं नाही, रिस्टोअर केलेले, म्हणजे खराब झालेली फिल्म दुरुस्त करून परत आणलेले जुनेच बघायचेत. पणजीत राहावं की फोंड्याहून रोज येजा करावी? राहायला चौघांचे मिळून दिवसाला 2000, त्यावर जमणार नाही.

मांडवीकाठ
मिरामारला रूम घ्या ताई, डोळे झाकून. आम्ही 5500 ला घेतली होती, खिडकीतून समुद्र, सकाळी चालत कला अकादमी, तिथेही सिनेमे असतात. पैसे वसूल.

रीळवेडी
आधी बुकिंग बघा, मग समुद्र. 24 नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सायबाच्या (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या) फेस्ताच्या नोव्हेना, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना सुरू होतात, फेस्त 3 डिसेंबरला, तेव्हा सगळीकडेच गर्दी. मला एका लॉजवाल्याने रात्री दहाला दारात उभं करून सांगितलं की तुमची खोली दुसऱ्याला दिली, पैसे आगाऊ घेऊन! पावती मोबाईलवर होती म्हणून निदान भांडता तरी आलं. लेखी घ्याच.

डिचोलीकर
भाड्याची स्कूटर घ्या, प्रश्न मिटला. फक्त काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच, पांढऱ्या पाटीची घेतली तर पोलीस अडवतात.

रीळवेडी
74 वर्षांच्या बाबांना स्कूटरवर फोंड्याला न्यायचं, तेही रात्री?

सांगलीचा_पडदा
राहण्याचं जाऊ दे, मी एकदा जुना कृष्णधवल सिनेमा बघितला तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या, अर्धा पडदा वाया. एवढं 4के (फार बारीक तपशिलाची डिजिटल प्रत) करतात आणि पडदाभर दाखवता येत नाही?

कॅनभर_रीळ
दादा, वाया नाही गेलं काही. तेव्हाची फ्रेम जवळजवळ चौकोनी होती, रुंदी-उंची 1.37 ला 1. पडदाभर ताणली तर माणसं बुटकी दिसतील, वरून-खालून कापली तर डोकी जातील. पट्ट्या दिसल्या म्हणजे सिनेमा पूर्ण दाखवतायत. आणि सेकंदाला 24 फ्रेम म्हणजे दोन तासांच्या सिनेमात 1,72,800 चित्रं, ती स्कॅन करून ओरखडे, धूळ, बुरशीचे डाग काढायचे असतात. मी एकदा जुन्या रिळाचा कॅन उघडलेला बघितलाय, व्हिनेगरसारखा वास आला, फिल्म आक्रसून कडा वळलेल्या. तिथून परत आणलेला चेहरा मोठ्या पडद्यावर दिसतो तेव्हा खरंच भरून येतं.
ताई, मुद्द्याचं : डेलिगेट कार्ड (महोत्सवाचा पास) म्हणजे तिकीट नव्हे, प्रत्येक शोची सीट ऑनलाइन वेगळी बुक करायची. नाही मिळाली तर रश लाईन, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या सीटांसाठी बाहेर उभं राहायचं. बाबांना त्यात उभं करू नका. कडेची सीट घ्या आणि स्वेटर न्या, एसी फार असतो.

मांडवीकाठ
तेच म्हणतोय, मिरामार. चालत पोचता, लाईन लवकर धरता येते.

पेडणेकर_मामा
आम्ही 2004 पासून जातोय, इफ्फी गोव्यात आलं त्या वर्षापासून. पणजीतच राहा. रात्रीचा शो सोडून घरी जाणं म्हणजे अर्धं जेवण टाकून उठणं.

डिचोलीकर
मामांना +1. स्कूटरचं मात्र बघाच.

फोंडेकरीण
सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांशी बोलले, ते म्हणाले पाठ घरच्याच गादीवर टेकायची. त्यामुळे येजाच करणार, कोल्हापूरकर पण आमच्याच माडीवर. सकाळी कदंबाने (गोव्याच्या सरकारी बसने) पणजी, स्टँडवरून टॅक्सी, दिवसाला दोन शो, रात्रीचे शो नाहीत. वाईट वाटतंय, पण चालेल. कॅनभर_रीळ, तुमचं पट्ट्यांचं बाबांना वाचून दाखवलं, ते लगेच कपाटातून स्वेटर काढून बसलेत, अजून दहा दिवस आहेत.