थायरॉईडवाल्यांना "इसबगोल घ्या" एवढंच सांगून भागतं का?

माटुंगा_पूर्व (धागाकर्ती)

हायपोथायरॉईड (थायरॉईड ग्रंथीचं काम कमी पडणं) असलेल्या बाईनं "पोट साफ होत नाही" म्हटलं की ठरलेली उत्तरं येतात. पाणी वाढवा, पालेभाजी खा, झोपताना इसबगोल घ्या. माझं मत वेगळं आहे. आधी थायरॉईडची गोळी अंगी लागते का ते बघा. ती लागूनही कोठा जड राहिला तर डॉक्टरांना विचारून पोटाचं औषध घ्या, लागलं तर रोज घ्या. चोथ्याचा, म्हणजे इसबगोल-भाजीतल्या तंतूंचा, नंबर त्यानंतर.

कारण सांगते. थायरॉक्सिन (थायरॉईड ग्रंथीचं हार्मोन, गोळीतही तेच असतं) कमी पडलं की आतड्याची हालचाल मंदावते. अन्न पुढे सरकायला वेळ लागतो, मोठं आतडं तेवढा वेळ त्यातलं पाणी शोषत राहतं आणि शेवटी खडा होतो. अशा मंद आतड्यात नुसता चोथा भरला तर तो पुढे ढकलणार कोण? पोट फुगतं, गॅस धरतो, संध्याकाळपर्यंत सलवारची नाडी काचायला लागते आणि सकाळी पुन्हा तेच कुंथणं.

गोळी अंगी लागण्याकडे तर कुणाचं लक्षच नसतं. उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहा-नाश्त्याच्या आधी निदान अर्धा तास आणि जमलं तर तासभर, असं डॉक्टर सांगतात. घरोघरी होतं काय? गोळीमागोमाग चहा, आणि "सगळ्या गोळ्या एकदम उरकून टाकू" म्हणून कॅल्शियम आणि लोहाची गोळीही त्याच घोटाबरोबर. ही दोन्ही थायरॉक्सिनला पोटात धरून ठेवतात, रक्तात उतरू देत नाहीत. मध्ये चार तासांचं अंतर हवं. शिवाय लोह आणि कॅल्शियम स्वतःच पोट घट्ट करतात, ते वेगळंच.

माझ्या मावशीचा गोळ्यांचा डबा गॅसच्या ओट्यावर असायचा. सात वारांचे सात खण, पारदर्शक प्लास्टिक, बाजूला कुकरची शिट्टी. जुलै महिन्यात त्या झाकणाला आतून ओल धरलेली मी पाहिली आहे. थायरॉक्सिनला उष्णता, उजेड, दमट हवा यांतलं काहीच मानवत नाही. गोळ्या मूळ बाटलीत परत गेल्या, बाटली कोरड्या कपाटात गेली, लोहाची गोळी दुपारच्या जेवणावर गेली. पुढच्या तपासणीत डोस न वाढवता टीएसएच (थायरॉक्सिन कमी पडलं की रक्तात वाढणारा आकडा) खाली आला. पोटही सुधारलं, पण पूर्ण नाही. उरलेलं काम डॉक्टरांनी दिलेल्या पावडरनं केलं आणि ती ते औषध आजही घेते. यात लाजण्यासारखं काय आहे? बीपीची गोळी रोज घेतो तेव्हा कुणी "सवय लागेल हो" म्हणत नाही.

बोरिवली_स्लो

असहमत, आणि ठामपणे असहमत.

ताई, तुम्ही ताटाकडे बघण्याआधीच औषधाच्या कपाटाकडे वळलात. आपण मुंबईकर दिवसभर खातो काय? सकाळी चहा-बिस्कीट किंवा पाव, दुपारी डब्यात दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव, रात्री भात. दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम तंतू पोटात जायला हवेत, यातून त्याच्या निम्मेही जात नसतील. हे दुरुस्त न करता पावडर सुरू करायची हे मला पटत नाही.

आमच्या घरी आईला आणि बायकोला, दोघींना थायरॉईड आहे. रात्री ज्वारीची भाकरी, दुपारी मोड आलेली मटकी किंवा मूग, चार वाजता बियांसकट पेरू, रात्री भिजवलेले अंजीर सकाळी. पाणी सोबत वाढवलं. सगळं एका दिवशी सुरू केलं असतं तर गॅस झालाच असता, म्हणून हळूहळू वाढवलं. दोघींचंही पोट मार्गी लागलं. श्रावण आणि नवरात्रात साबुदाण्यावर दिवस काढले की दोघींचीही गाडी पुन्हा अडते, यावरून मला तरी कारण स्पष्ट दिसतं. आता उपासाला राजगिरा, रताळं आणि फळं.

गिरगाव_वैद्यघर

दोघांचंही थोडं थोडं बरोबर. पण त्रिफळ्याचा उल्लेख कुणीच केला नाही याचं आश्चर्य वाटलं. रात्री कोमट पाण्यातून त्रिफळा चूर्ण, जेवणात चमचाभर तूप, सकाळी गरम पाणी. आमच्याकडे येणाऱ्या थायरॉईडच्या कित्येक रुग्णांना एवढंच पुरतं. एरंडेल मात्र रोजचं औषध नव्हे.

घाटकोपर_काउंटर

मी फार्मासिस्ट आहे, दुकानात उभा राहून हा विषय रोज बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"पोटाचं औषध" असं एकच काही नसतं. लॅक्टुलोजचं सिरप किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर आतड्यात पाणी धरून ठेवते, त्यामुळे मळ मऊ होतो. आतड्याला चाबूक मारून पळवणारी ती औषधं नव्हेत. डॉक्टर ती महिनोन्‌महिने देतात. लॅक्टुलोजनं काहींना गॅस होतो, मग पावडर देतात. धागाकर्तीच्या मावशींचं औषध याच जातीचं असणार, आणि त्याची "सवय लागते" हे म्हणणं बरोबर नाही.

दुसरी जात म्हणजे सोनामुखी, बिसाकोडिल. ही आतड्याला चेतवून हालचाल करायला लावतात. अधूनमधून ठीक. अडचण अशी की "नैसर्गिक आहे" म्हणून जी चूर्णं लोक वर्षानुवर्षं खातात, त्यांतल्या बऱ्याच चूर्णांत सोनामुखी असते. डबीमागचं बारीक अक्षर कुणी वाचत नाही. वैद्यबुवा, शुद्ध त्रिफळ्याबद्दल माझी तक्रार नाही. तयार चूर्णांबद्दल आहे. पोटात मुरडा येतो, पातळ होतं, मग दोन दिवस काहीच होत नाही, की पुन्हा चमचा. हे चक्र मी डोळ्यांनी बघतो.

मिल्क ऑफ मॅग्नेशिया घेणाऱ्यांनी किडनीचा आजार असेल तर आधी विचारावं. आणि मॅग्नेशियम असो, अॅसिडिटीचं गुलाबी औषध असो, थायरॉईडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवा. अॅसिडिटीच्या रोजच्या गोळ्यांनीही थायरॉक्सिन कमी शोषलं जातं. हे डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण पोटाचा डॉक्टर वेगळा आणि थायरॉईडचा वेगळा असला की एकाची चिठ्ठी दुसऱ्याला दिसत नाही.

गिरगाव_वैद्यघर

सोनामुखी रोज द्यायची नाही हे आमच्याकडेही शिकवतात. त्या मुद्द्यावर पूर्ण सहमत.

मुलुंड_फास्ट

सगळे औषध आणि आहार यावरच बोलताय. मला वाटतं निम्म्या बायकांचं कारण तिसरंच आहे: वेळ आणि संडास.

काही खाल्लं की मोठ्या आतड्याला चालना मिळते आणि सकाळी ती सगळ्यात जोरात असते. आता बघा. साडेपाचला गोळी, पुढचा तास पोटात काही नाही, त्या तासात डबे, मुलांची शाळा, आंघोळ. साडेसहाला उभ्याउभ्या चहा, पावणेसातला घराबाहेर. कळ यायची ती ठाण्याच्या पुढे, लेडीज डब्यात, एका हातानं कडी धरलेली असताना. ती दाबायची. ऑफिसला पोहोचेपर्यंत ती गेलेली असते. वर्षानुवर्षं असं केलं की शरीर सांगायचंच थांबतं.

पाणी पिऊन बाहेर पडा म्हणता, पण जायचं कुठे? २०११ च्या सुमारास याच शहरात बायकांना "राइट टू पी" म्हणून मोहीम काढावी लागली, कारण पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे मोजूनही धड जागा नाही. आजही माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी घरून निघताना पाणी पीत नाहीत. थायरॉईडनं आतडं आधीच मंद, त्यात पाणी कमी, त्यात कळ दाबलेली. भाकरी काय करणार आणि पावडर तरी काय करणार?

मी एवढंच बदललं: गोळी रात्री. डॉक्टरांना विचारूनच. जेवणानंतर तीन तास गेलेले असले तर झोपताना घेतली तरी चालते म्हणाले. त्यामुळे सकाळी उठल्याउठल्या चहा आणि खाणं, आणि मग दहा मिनिटं माझी. कमोडवर बसताना पायांखाली एक ठेंगणा पाट. गुडघे कमरेच्या वर आले की खालचा मार्ग सरळ होतो, जोर कमी लागतो.

कांदिवली_पू

मी या सगळ्याला वेगळाच आक्षेप घेणार आहे. थायरॉईड हे आता प्रत्येक दुखण्याचं खुंटाळं झालंय. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या अभ्यासात, ज्यात मुंबईही होती, जवळपास ११ टक्के प्रौढांना हायपोथायरॉईड आढळला होता. इतक्या लोकांना एक आजार असेल तर त्यांतल्या पुष्कळांना मलावरोध दुसऱ्याच कारणानं असणार. टीएसएच नीट येऊनही तक्रार तशीच राहिली तर थायरॉईडला धरून बसू नका.

आमच्या वडिलांच्या बाबतीत सगळे "थायरॉईड आहे ना, होणारच" म्हणत राहिले. साठीनंतर सवय बदलली होती, मधूनच रक्त दिसायचं, ते मूळव्याधीच्या खात्यावर टाकलं गेलं. शेवटी कोलोनोस्कोपी (दुर्बिणीनं मोठ्या आतड्याची तपासणी) झाली, आतड्यात गाठ निघाली. वेळेत काढली म्हणून आज धडधाकट आहेत. रक्त, अकारण घटलेलं वजन, हिमोग्लोबिन कमी होत जाणं, पन्नाशीच्या आसपास नव्यानं सुरू झालेला मलावरोध, यांतलं काहीही असेल तर पेरूही नको आणि पावडरही नको, थेट तपासणी. खर्चाची अडचण असेल तर केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत पोटविकाराचे विभाग आहेत. रांग मोठी असते, तरी जा.

काही जणांचा प्रश्न तर आतड्याचा नसतोच. जोर लावताना जे स्नायू सैल पडायला हवेत तेच आवळले जातात. त्यावर औषध चालत नाही, शिकवलेला व्यायाम लागतो.

माटुंगा_पूर्व (धागाकर्ती)

कांदिवलीकर, धोक्याच्या खुणांबद्दल तुमचं शंभर टक्के मान्य. ते वरच लिहायला हवं असं वाटेल इतकं महत्त्वाचं आहे. पण "थायरॉईडला धरून बसू नका" हे टीएसएच खरोखर आटोक्यात आल्यावरचं बोलणं झालं. गोळी चहाबरोबर गिळणाऱ्या बाईला आधीच दुसरीकडे पाठवलं तर मूळ राहूनच जातं.

बोरिवलीकर, तुमच्या घरचं ताट मला आवडलं आणि ते कुणालाही फायद्याचंच आहे. माझं भांडण आहे ते "एवढं खाऊनही होत नसेल तर तुम्ही नीट खात नसणार" या सुराशी. माझी मावशी पालेभाजी निवडूनच म्हातारी झाली. तिला वर्षानुवर्षं अपराधी वाटत होतं, केवळ आतडं मंद होतं म्हणून.

आणि कृपा करून कुणी पोट साफ व्हावं म्हणून स्वतःच्या मनानं थायरॉईडचा डोस वाढवू नये. जास्तीच्या डोसनं छातीत धडधड होते आणि हाडं ठिसूळ होतात.

बोरिवली_स्लो

तो सूर माझा नव्हता, पण तसा पोचला असेल तर समजू शकतो. औषधाला माझा विरोध नाही, क्रमाला आहे. माझ्या मते आधी महिनाभर ताट, मग औषध. यावर मी ठाम आहे.

मुलुंड_फास्ट

घाटकोपरकर, एक विचारते. मी झोपताना इसबगोल दुधातून घेत होते. आता गोळीही रात्रीच. चालेल का?

घाटकोपर_काउंटर

नाही ताई. इसबगोलही थायरॉक्सिनला अडवतं आणि दुधातलं कॅल्शियमही. इसबगोल संध्याकाळी घरी आल्याआल्या घ्या, दुधातून नको, मोठा ग्लास भरून पाण्यातून, आणि वर आणखी अर्धा ग्लास. कमी पाण्यात घेतलं तर तेच आत घट्ट बसतं. गोळी रात्री, पोट रिकामं असताना, नुसत्या पाण्याबरोबर. वेळ बदललीत त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करून घ्या, शक्यतो आधीच्याच लॅबमध्ये, आणि तो रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा.