मदत हवी आहे: पोकरमध्ये जोडी सारखी आली तर डाव कुणाचा?

तीन पत्तीत मुरलेली मंडळी आम्ही, आता टेक्सास होल्डेम (पोकरचाच एक प्रकार: हातात दोन पानं, मधे पाच सगळ्यांची) शिकतोय. (पैसे नाहीत, चिंचोके लावतो.) तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने पानं) कलरच्या (सगळी एकाच चिन्हाची) वर, इथे पाच पानांत उलटं. एवढं पचवायलाच दोन रविवार गेले!

काल अडलं ते वेगळंच. मधे उघडी पानं: एक्का, राजा, राणी, नव्वी, चव्वी. माझ्या हातात राजा-सत्ती, भाच्याकडे राजा-तिर्री. कलर कुणाचाच नाही. मी म्हटलं, सत्ती मोठी, डाव माझा. तो म्हणाला, "मामा, पाचच पानं धरायची. दोघांचेही दोन राजे, एक्का, राणी, नव्वी. चिंचोके निम्मे-निम्मे!"

त्याचं बरोबर आहे का? मग सत्ती नक्की कधी कामाला येते? कुणीतरी एखादा डाव मांडून समजावा ना.