आयस्कझी (iSCSI, नेटवर्कवरून डिस्क देण्याची पद्धत) स्टोरेज: दोन स्विचवर केबल कशा वाटायच्या, सबनेट एक की दोन?

नवा_रॅक:
दोन कंट्रोलरचा अ‍ॅरे (डिस्कची पेटी; कंट्रोलर म्हणजे ती चालवणारा भाग) बसवायचा आहे. प्रत्येक कंट्रोलरवर २५ जीबीपीएसचे ४ पोर्ट. सर्व्हर ६, प्रत्येकी २ पोर्ट. स्टोरेजसाठी स्वतंत्र दोन स्विच आहेत. कंट्रोलर १ च्या चारही केबल अ स्विचला, कंट्रोलर २ च्या ब स्विचला, असा आराखडा काढलाय. सर्व्हरचे पोर्ट एलएसीपीने (अनेक पोर्टची एकच लिंक करणारी पद्धत) बांधू का? आयपी किती राखून ठेवू?

दुहेरी_मार्ग:
आधी हा आराखडा बदला. अ स्विच गेला की कंट्रोलर १ चे सगळे मार्ग तुटतात आणि त्याची लन (LUN, सर्व्हरला दिलेल्या डिस्क) कंट्रोलर २ वर ढकलावी लागतात. प्रत्येक कंट्रोलरचे २ पोर्ट अ ला, २ ब ला द्या. मग स्विच गेला तरी लन जागच्या जागी राहतात, फक्त मार्ग निम्मे होतात.

सबनेट (आयपी पत्त्यांचे गट) दोन ठेवा: अ स्विचवर एक, ब वर दुसरं, दोन्हींना गेटवे (बाहेरच्या नेटवर्कची वाट) नाही. प्रत्येकात अ‍ॅरेचे ४ आणि सर्व्हरचे ६, म्हणजे १० आयपी, एकूण २०. मॅनेजमेंटचे आयपी वेगळे, तेही वेगळ्या नेटवर्कवर. एका सर्व्हरला प्रत्येक लनचे ८ मार्ग दिसले पाहिजेत. त्यातले ४ लनच्या मालक कंट्रोलरचे. ८ पेक्षा कमी दिसले तर केबल किंवा व्हीलॅन (स्विचमध्ये आखलेलं वेगळं नेटवर्क) चुकलंय.

एलएसीपी नको. एक आयस्कझी सेशन शेवटी एकाच तारेवरून जातं. मार्ग निवडणं आणि तुटलेला मार्ग सोडणं हे मल्टिपाथचं (सर्व्हरवरच्या, मार्ग सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचं) काम आहे, ते त्यालाच करू द्या.

आणि क्षमता मोजताना एकच स्विच जिवंत आहे असं धरा. तेव्हा अ‍ॅरेकडे २०० नाही, १०० जीबीपीएस उरतात.

नवा_रॅक:
आराखडा बदलतो. जम्बो फ्रेम (नेहमीच्या १५०० बाइटपेक्षा मोठी पॅकेटं) लावू का? शिवाय दोन सर्व्हर शेजारच्या रॅकमध्ये आहेत, केबल ५ मीटर लागेल.

फ्रेम_९०००:
जम्बो लावायचे तर सगळीकडे: अ‍ॅरे आणि सर्व्हरवर ९०००, स्विचवर ९२१६. मधला एक पोर्ट १५०० वर राहिला की फसवं चित्र दिसतं. लॉगिन होतं, लन दिसतात, कारण ती पॅकेटं लहान असतात. मोठी फाइल लिहायला घेतली की सगळं अडकतं. म्हणून प्रत्येक सर्व्हर पोर्टवरून अ‍ॅरेच्या त्याच सबनेटमधल्या चारही आयपींना पिंग करा, आकार ८९७२ आणि तुकडे करण्यास मनाई. २८ बाइट हेडरमध्ये जातात, म्हणून ९००० नाही. साधं पिंग इथे काहीच सिद्ध करत नाही.

५ मीटरच्या तांब्याच्या डॅकला (दोन्ही टोकांना प्लग जोडलेली तयार केबल) आरएस-एफईसी (वाटेतल्या चुका दुरुस्त करणारी पद्धत) लागतं. दोन्ही टोकांना एफईसी सारखं नसेल तर केबल धड असूनही लिंक येत नाही, आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो. त्या दोन सर्व्हरना एसआर (कमी अंतराचं) मॉड्यूल आणि फायबर घ्या: ओएम३ प्रकारच्या फायबरवर ७० मीटर, ओएम४ वर १००. मात्र आरएस-एफईसी तिथेही लागतंच.