बर्फातली सहल: स्कीइंग सोडून घरच्यांनी काय काय केलं?

जाईजुई
काल माळा आवरताना ट्रंकेच्या तळाशी सासूबाईंचा फिरन, म्हणजे काश्मिरी पायघोळ झगा, सापडला. बाहीला अजून कोळशाचा वास आहे. शिडीवरच बसून राहिले थोडा वेळ.

फेब्रुवारी २०२२, गुलमर्ग. नवऱ्याला आणि लेकीला स्कीइंग शिकायचं होतं. सासरे ७४ वर्षांचे, गुडघे दुखरे. सासूबाईंना थंडी सोसत नाही. सगळ्यांनी वेड्यात काढलं, त्यांना कशाला नेताय, खोलीत कोंडून बसतील. म्हणून मी त्या दोघांची वेगळी वहीच केली होती. रोज एकच गोष्ट, जास्त नाही. पहिला दिवस पूर्ण मोकळा, कारण श्रीनगर साधारण १६०० मीटरवर आणि गुलमर्ग २६५०वर, अंगाला सवय व्हायला वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, पहिला टप्पा, कोंगडूरीपर्यंत. त्यापुढे अफरवाट डोंगरावर, जवळजवळ ३९५० मीटरवर, त्यांना न्यायचंच नाही हे घरूनच ठरवलेलं.

तिसऱ्या दिवशी बाहेर बर्फ भुरभुरत होता. जेवण वाढणारे चाचा सासूबाईंसाठी कांगडी घेऊन आले. बाहेरून काड्यांची टोपली, आत मातीचं भांडं, त्यात राखेखाली निखारे. कडेला दोरीने बांधलेला छोट्या उलथन्यासारखा चमचा. चाचांनी दाखवलं, राख ढवळायची नाही, कडेकडेने जरा सारायची, म्हणजे निखारा पुरतो. सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, ही तर बाळंतिणीची शेगडी!" आणि नणंदेच्या वेळी ओवा-बाळंतशेपांची धुरी कशी दिली ते त्यांना मराठीतून सांगायला लागल्या. चाचा हिंदीतून त्यांच्या आईचं सांगत होते. अर्धा तास चाललं दोघांचं.

सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. त्या सहलीतलं लेक सगळ्यात जास्त काय सांगते, तर आजी आणि कांगडी. तुमच्याकडच्या न घसरणाऱ्या माणसांसाठी तुम्ही काय ठरवलं होतंत? लिहा ना.

खारीबिस्कीट
वाचून डोळे भरले गं. बाकी सावकाश लिहिते, पोळ्या चालू आहेत.

उंबरठा
आमचं उत्तराखंडातल्या औलीचं. २०१८. भाऊ आणि वहिनी गढवाल मंडळाच्या (तिथलं सरकारी पर्यटन मंडळ) स्की कोर्सला, मी आईला घेऊन. रोपवेने जोशीमठहून वर गेलो होतो, चार किलोमीटरच्या वर लांबी, खाली देवदारांचे शेंडे आणि समोर नंदादेवी. आईने पूर्ण वेळ हात जोडलेले.

तिला खरा आनंद खाली जोशीमठात झाला. हिवाळ्यात बद्रीनाथाचे दरवाजे बंद असतात, तेव्हा पूजा इथल्या नृसिंह मंदिरात होते, हे तिला माहीतच नव्हतं. चार दिवसांत तीनदा गेलो. ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंनी तिला मंडव्याची भाकरी करायला बसवलं. मंडवा म्हणजे आपली नाचणीच. आई म्हणाली पाणी उकळून घ्या, काकू म्हणाल्या गार चालतं.

२०२३च्या जानेवारीत जोशीमठ खचायला लागलं, घरांना भेगा पडल्या, रोपवेही बंद केला. आईने बातमी बघून पहिला फोन त्या काकूंना लावायला सांगितला. घर सोडून नातेवाइकांकडे गेल्या होत्या. अजून दर दिवाळीला आई त्यांच्याशी बोलते.

दोनकपचहा
प्रीपेड सिम तिकडे चालत नाही हे कुणीतरी आधीच लिहा बाबांनो! बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड जम्मू-काश्मिरात बंद, पोस्टपेडच लागतं. आमची दोन कुटुंबं दोन गाड्यांत आणि एकाच माणसाचा फोन चालू. गुलमर्गच्या पायथ्याशी तंगमर्गला तीन तास शोधाशोध.

जाईजुई
@दोनकपचहा, हो हो, अगदी महत्त्वाचं. आणि तंगमर्गहून वर जाताना बर्फ असेल तर चाकांना साखळ्या लावलेलीच गाडी घ्या, तिथे बदलावी लागते.

दोनकपचहा
आम्ही बदलली. पण ज्याने पुण्यातून पॅकेज विकलं त्याने ते सांगितलंच नव्हतं, पैसे वरून भरले. "स्कीइंग समाविष्ट" म्हणजे पायात स्की अडकवून अर्धा तास उभं राहणं, फोटो, संपलं. मुलगा रडकुंडीला आला. नंतर तिथल्याच एका शिकवणाऱ्या मुलाला तीन दिवस सकाळी दोन-दोन तास ठरवलं, तेव्हा कुठे पोरगं स्वतःहून थांबायला शिकलं. ज्यांना खरंच शिकायचंय त्यांनी हेच करा.

रानजाई
आम्ही झुरिकजवळ राहतो. इथे फेब्रुवारीत शाळांना खास खेळाची सुट्टी असते, सगळी गावं डोंगरावर. माझे आईबाबा नेमके तेव्हा आलेले. मला वाटलं, ग्रिंडेलवाल्डला, त्या डोंगरातल्या गावात, नेऊन त्यांना काय दाखवू.

सांगते काय दाखवायचं. बर्फातल्या पायवाटा! रोलर फिरवून दाबलेल्या असतात आणि त्यांच्या पाट्या गुलाबी रंगाच्या. उन्हाळ्यातल्या पाट्या पिवळ्या, हिवाळ्यातल्या गुलाबी. बाबांना हे इतकं आवडलं की रोज सकाळी "चला, गुलाबी पाटी शोधू." बुटांना खाली काटे अडकवायचे, हातात दोन काठ्या. आई नऊवारीवाली नाही, पण सलवारीच्या आत लोकरी पायजमा आणि वर माझं जॅकेट, एकदम ऐटीत.

मुलं लाकडी घसरगाडीवर. फाउलहॉर्न शिखरापासून खाली जवळजवळ १५ किलोमीटरची घसरगाडीची वाट आहे, पण वरती अडीच तास चढून जावं लागतं, लहानांना नाही जमत. आम्ही बुसआल्पहूनची छोटी केली. तिथवर बस जाते. पायांनी ब्रेक लावायचा, टाचा बर्फात रुतवायच्या. दुसऱ्या फेरीला बाबा माझ्या मागे बसले. ६९ वर्षांचे! खाली पोचल्यावर दोन मिनिटं बोलले नाहीत, मग म्हणाले, "पन्हाळ्याच्या उतारावरून सायकल सोडायचो, तसंच."

खारीबिस्कीट
पन्हाळा!! माझं माहेर कोल्हापूर. कुठल्या पेठेतले गं बाबा?

रानजाई
शिवाजी पेठ!

खारीबिस्कीट
आमची मंगळवार पेठ. वेगळा निरोप पाठवते तुला.

निवांत_दुपार
जरा काळजीचं लिहितो. कांगडी किंवा कोळशाची बुखारी (खोली तापवायची शेगडी) बंद खोलीत पेटती ठेवून झोपू नका. धुराचा वास येत नाही, तरी विषारी वायू साचतो. आणि उंचीचा त्रास. आमच्या सात वर्षांच्या मुलीला गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर डोकं दुखून दोनदा उलटी झाली. आम्ही श्रीनगरहून त्याच दिवशी थेट वर नेलं, ती आमची चूक. लगेच खाली आणलं, तासाभरात खेळायला लागली. उतरणं हेच औषध. पोरं "डोकं दुखतंय" म्हणाली की फोटो राहू द्या, खाली या. काळे चष्मे मुलांनाही घ्या, बर्फावरचं ऊन डोळ्यांना फार लागतं.

उंबरठा
+१. हनुवटीच्या खालीसुद्धा सनस्क्रीन लावा. ऊन बर्फावरून उलटून येतं.

साखरआंबा
आम्ही गेलो तेव्हा बर्फच नव्हता. जानेवारी २०२४. चिल्लई कलान म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे ४० कडाक्याच्या थंडीचे दिवस, त्यात गुलमर्गचं मैदान पिवळं गवत! मुलांचे चेहरे बघवेनात. गोंडोलाची तिकिटं आधीच ऑनलाइन काढलेली, वर थोडंसं पांढरं दिसलं तेवढंच.

दोन दिवस आधीच श्रीनगरला उतरलो आणि खरं सांगते, तेच बरं झालं. जुन्या शहरात एका पेपर-माशेच्या (कागदाच्या लगद्याच्या वस्तूंच्या) कारखान्यात, म्हणजे घराच्या वरच्या खोलीतच, म्हातारे उस्ताद जमिनीवर बसून डब्यावर चिनाराचं पान रंगवत होते. बारीक कुंचला, करंगळी डब्यावर टेकवलेली, श्वास रोखून रेघ. धाकट्याला कुंचला दिला. त्याची रेघ वाकडी गेली, तर उस्तादांनी तिचंच देठ केलं आणि शेजारी दुसरं पान काढलं. तो डबा आता त्याच्या कंपासपेटीच्या जागी शाळेत जातो.

पहाटे नवरा आणि मोठी हरीसा खायला गेले. मटण आणि तांदूळ रात्रभर घोटून करतात, थंडीतच मिळतं. मी शाकाहारी, मला गिर्दा, म्हणजे तिथली तंदुरी रोटी, आणि नून चहा. मीठ घातलेला गुलाबी चहा, पहिल्या घोटाला कळत नाही, तिसऱ्याला आवडतो.

माझं म्हणणं एवढंच की बर्फावर सगळी सहल टांगू नका. निम्मे दिवस बर्फाशिवायचे ठरवूनच निघा.

दोनकपचहा
वाकडी रेघ आणि देठ... काय सुंदर.

जाईजुई
@साखरआंबा, हे मी पुढच्या वेळच्या वहीत आत्ताच लिहून घेतलं.

सासऱ्यांचं राहिलंच. त्यांच्यासाठी घसरगाडी ठरवली होती, तिथले लोक दोरीने ओढतात. त्यांनी बसायला नकार दिला. "माणसाने मला ओढायचं हे मला नको." पैसे पूर्ण दिले आणि त्या मुलाचा हात धरून चालत सेंट मेरी चर्चपर्यंत गेले. ते १९०२चं आहे, टेकाडावर दगडी. मुलगा रिकामी गाडी ओढत बरोबर. परत येताना त्याच्याकडून बर्फावर पाय कसा टाकायचा ते शिकून आले, आधी टाच. घरी पाऊस पडला की अजून अंगणात तसेच चालतात.

उंबरठा
बाबांना नमस्कार सांगा.

निवांत_दुपार
कांगडी विमानातून आणता येते का हो? आईला हवीय एक.

जाईजुई
रिकामी, राख झटकून, फिरनात गुंडाळून चेक-इन बॅगेत आणली आम्ही. सासूबाई तिच्यात लसूण ठेवायच्या. अजूनही लसूणच आहे.